औषध बनवण्याचं ज्ञान कुणाचं?

अमेरिकेत १९४३ साली पेनिसिलिनचं एकूण उत्पादन २१ अब्ज युनिट होतं. १९४४ साली ते १,६६३ अब्ज युनिटांवर गेलं आणि १९४५ साली ६,८०० अब्जांच्याही पुढे. या काळात पेनिसिलिनचा शोध काही नव्याने लागला नव्हता. फ्लेमिंग यांचं निरीक्षण १९२८ सालचं, ऑक्सफर्डमधले फ्लोरी आणि चेन यांचे उंदरांवरचे प्रयोग १९४० सालचे. युद्धाच्या ऐन मध्यावर बदललं ते औषध बनवण्याचं तंत्र. आधी बाटल्या आणि तबकांमध्ये पृष्ठभागावर साय धरावी तशी वाढवली जाणारी बुरशी आता हजारो लिटरच्या टाक्यांमध्ये वाढू लागली. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी तिला खाद्य म्हणून मिळालं. जास्त पेनिसिलिन देणारे वाण हुडकून काढले गेले. टाकीत रात्रंदिवस निर्जंतुक हवा सोडायची, ढवळायचं, फेस आवरायचा आणि एवढं करून बाहेरचा एकही जंतू आत जाऊ द्यायचा नाही, हे सगळं जमवलं गेलं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं आणि ते योग्यच होतं. पण ज्यांच्यामुळे हे औषध मूठभर रुग्णांऐवजी लाखोंपर्यंत गेलं, त्यांची नावं आज किती जणांना ठाऊक आहेत?

शोध मोठा आणि उत्पादन म्हणजे त्यानंतरचं मजुरीचं काम, ही समजूत विद्यापीठांमध्ये आजही घट्ट आहे. जिवंत पेशींकडून बनवून घेतल्या जाणाऱ्या जैविक औषधांच्या निर्मितीवर आयुष्य घालवणाऱ्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला निवड समितीसमोर, अनुदान मागताना, कधीकधी स्वतःच्याच विभागात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : यात विज्ञान कुठे आहे, हे तर कंपन्यांनी करायचं काम. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हे काम केवळ कंपन्यांवर सोडलं, तर औषध कसं बनतं हे ज्ञान समाजाच्या हातात उरतच नाही. म्हणून त्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हायला हवा, आणि त्या पैशाच्या बदल्यात ते ज्ञान खुलं राहील अशी अटही असायला हवी.

आधी विज्ञानाबद्दल बोलू. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एल्मर गेडन यांनी १९४९ साली पीएचडी पूर्ण केली. पेनिसिलिनच्या बुरशीला ऑक्सिजन किती लागतो, याचं मोजमाप हा त्यांचा विषय होता. प्रश्न साधा वाटतो. पण साखर पाण्यात लिटरमागे कितीतरी ग्रॅम विरघळते, म्हणजे बुरशीचं दिवसांचं खाणं एकदम घालून ठेवता येतं. ऑक्सिजनचं तसं नाही. हवेतून पाण्यात तो लिटरमागे जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो, आणि दाट वाढलेल्या बुरशीला हा साठा मिनिटभरही पुरत नाही. म्हणजे टाकीतून किती पेनिसिलिन मिळणार हे बुरशीपेक्षा हवेतला ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने उतरतो यावर ठरतं. बुडबुड्याचा आकार, ढवळणीचा वेग, टाकीची उंची हे सगळे त्यामुळे जीवशास्त्राचे प्रश्न झाले, आणि बुरशीची भूक हा अभियांत्रिकीचा प्रश्न झाला. जैवरासायनिक अभियांत्रिकी नावाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली ती अशा मोजमापांवर. गेडन यांनी पुढे पिढ्यांमागून पिढ्या विद्यार्थी घडवले, या विषयाचं नियतकालिक सुरू केलं. अभियांत्रिकीतला मानाचा ‘रस’ (Russ) पुरस्कार त्यांना मिळाला तो २००९ साली, प्रबंधानंतर तब्बल ६० वर्षांनी.

आज ज्यांना आपण जैविक औषधं म्हणतो, म्हणजे कर्करोगावरची किंवा संधिवातावरची अँटिबॉडी, रक्त गोठवणारे घटक, एन्झाइमं, त्यांतली बरीचशी बुरशीत नव्हे तर सस्तन प्राण्यांच्या पेशींत तयार होतात. सर्वांत जास्त वापरल्या जातात त्या चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी, ज्यांना या क्षेत्रात सगळे ‘सीएचओ’ म्हणतात. त्या १९५७ साली थिओडोर पक यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात वेगळ्या काढल्या आणि तिथून त्या जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये पसरल्या. पुढे जी काही अब्जावधींची उलाढाल झाली, तिच्या मुळाशी विद्यापीठाने वाटलेली पेशींची एक नळी आहे, ही गोष्ट फार सहज विसरली जाते.

या पेशींना बुरशीसारखी कणखर भिंत नसते. नुसतं पातळ आवरण. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी की टाकीतली ढवळणी पेशींना फाडते, म्हणून हळूहळू ढवळा. हळू ढवळलं की ऑक्सिजन पुरेना. ऑक्सिजनसाठी हवा वाढवली की पेशी मरू लागत. ही कोंडी फुटली ती विद्यापीठांतल्या अभियंत्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि ९० च्या दशकाच्या सुरुवातीस केलेल्या कामामुळे. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बुडबुडे पाहिले. पेशी बुडबुड्याच्या अंगाला चिकटतात, त्याच्याबरोबर वर येतात, पृष्ठभागावर त्याच्या पातळ पापुद्र्यात अडकतात. आणि बुडबुडा फुटतो त्या क्षणी पापुद्रा इतक्या जोराने मागे ओढला जातो की पेशी उरत नाही. म्हणजे गुन्हेगार ढवळणी नव्हतीच, फुटणारा बुडबुडा होता. बुडबुडा जितका लहान तितका त्याचा फुटताना होणारा घात जास्त. पण ऑक्सिजन उतरवायला लहान बुडबुडाच चांगला, आणि पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला मोठा. या तिढ्यातून वाट काढावी लागते.

उपाय काय निघाला? पोलोक्सॅमर १८८ नावाचं एक द्रव्य माध्यमात, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात, अगदी थोडं घातलं की पेशी बुडबुड्याला चिकटेनाशा होतात. ते द्रव्य काम करतं हे आधीही अनुभवाने माहीत होतं. का करतं, हे बुडबुडे पाहिल्यावर कळलं. आणि ‘का’ कळल्याचा फायदा असा की पुढे जेव्हा या द्रव्याचा एखादा लॉट खराब निघून पेशी मरू लागल्या, तेव्हा शोधायचं कुठे हे लोकांना माहीत होतं. हे निष्कर्ष शोधनिबंधांतून छापून आले. कुणीही वाचावेत, कुणीही वापरावेत. आज जगातल्या कुठल्याही कारखान्यात सीएचओ पेशींची टाकी चालू असेल, तर त्यामागे हे ज्ञान आहे आणि त्यासाठी कुणालाही रॉयल्टी द्यावी लागत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला असा की खरी मजल कंपन्यांनीच मारली. १९८० च्या दशकाच्या मध्यात एका लिटरमधून ५० ते १०० मिलिग्रॅम प्रथिन मिळालं तरी लोक खूश असत. आज तीन ते पाच ग्रॅम ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्याहूनही जास्त मिळतं. यातला मोठा वाटा कंपन्यांतल्या संशोधकांचा आहे, हे मान्य करायलाच हवं. दुसरा आक्षेप त्याला जोडूनच येतो : प्राध्यापकाकडे दोन लिटरची काचेची टाकी, कारखान्यात १५,००० लिटरची पोलादी; एकावरून दुसरीचं काय कळणार?

पुष्कळ कळतं, पण प्रश्न नीट निवडला तर. मोठ्या टाकीत एका कोपऱ्यात ऑक्सिजन भरपूर आणि दुसऱ्या कोपऱ्यात टंचाई असते; पेशी त्यातून फिरत राहते. हा अनुभव छोट्या टाकीत पेशीला मुद्दाम देता येतो आणि तिचं काय होतं ते मोजता येतं. शिवाय काही वेळा मोठं करणं हेच उत्तर नसतं. प्रिन्स्टन विद्यापीठात २००० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन द्रवांच्या धारा एका लहानशा पोकळीत समोरासमोर आदळवून काही मिलिसेकंदांत मिसळण्याचा अभ्यास चालू होता. नॅनोकण एकसारख्या आकाराचे कसे बनवावेत, हा त्यामागचा प्रश्न. कोविडची एमआरएनए लस आली तेव्हा एमआरएनए आणि चरबीचे रेणू नेमके याच प्रकारे मिसळायचे होते. फायझरने मुठीत मावेल अशा मिक्सरचा भलामोठा अवतार बांधण्याच्या फंदात न पडता लहान मिक्सर ओळीने एकमेकांशेजारी लावले. महासाथ आल्यावर हे संशोधन सुरू केलं असतं तर उशीर झाला असता. ते आधीच, छापील स्वरूपात, सर्वांसमोर होतं.

आणि इथेच खरा मुद्दा येतो. कंपनीला जे कळतं ते कंपनीतच राहतं. यात कंपनीची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. तिची रचनाच तशी आहे. औषधाच्या रेणूवरचं पेटंट सार्वजनिक दस्तऐवज असतो आणि ठरावीक वर्षांनी संपतो. पण पेशी कोणत्या खाद्यावर वाढवल्या, तापमान कोणत्या दिवशी किती उतरवलं, शुद्धीकरणाच्या कॉलममधून, म्हणजे प्रथिन वेगळं काढणाऱ्या उभ्या नळीतून, ते कोणत्या आम्लतेला सोडवलं, कोणत्या चुका झाल्या आणि कशा निस्तरल्या, हे सगळं व्यापारी गुपित असतं. गुपिताला मुदत नसते.

साध्या रासायनिक गोळीच्या बाबतीत याने फारसं बिघडत नाही. रेणू लहान असतो, तो हुबेहूब बनवता येतो, बनला की नाही ते तपासता येतं. जैविक औषध हे हजारो अणूंचं प्रथिन असतं, त्यावर पेशीने चिकटवलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात आणि त्या साखळ्या प्रक्रियेनुसार बदलतात. अँटिबॉडीवरच्या साखळीत फ्युकोज ही एक शर्करा असली-नसली तरी त्या अँटिबॉडीची कर्करोगपेशी मारून घेण्याची ताकद कमी-जास्त होते. माध्यमात अमोनिया साठला, मँगनीज कमी पडलं, की साखळ्या बदलतात. म्हणूनच या क्षेत्रात म्हणतात की प्रक्रिया हेच उत्पादन. मग प्रक्रिया गुपित राहिली की पेटंट संपूनही औषध पूर्ण मोकळं होत नाही. बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं औषध, बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मूळ औषध बाजारातून विकत घेऊन, त्याची चिरफाड करून, पहिल्यापासून सगळं पुन्हा शोधावं लागतं. एकच शोध पाच-सहा जणांनी भिंतीआड पुन्हा पुन्हा लावायचा, आणि त्याचा खर्च शेवटी रुग्णाने भरायचा.

सीएचओ पेशींचंच बघा. या पेशींत बनलेलं पहिलं औषध, रक्ताची गुठळी विरघळवणारं टीपीए, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं. या पेशींचा संपूर्ण जीनोम जाहीररीत्या प्रसिद्ध झाला २०११ साली. मधली २४ वर्षं एक अख्खा उद्योग जिच्यावर उभा होता त्या पेशीचा नकाशा सर्वांच्या हाती नव्हता. तो आला तेव्हाच पेशीतला कोणता जनुक बंद केला तर काय होईल हा प्रश्न कुठल्याही देशातल्या विद्यार्थ्याला विचारता येऊ लागला. तीच गोष्ट अँटिबॉडीच्या नमुन्याची. आपली मोजमापं बरोबर आहेत का हे तपासायला प्रत्येक कंपनीकडे स्वतःची अँटिबॉडी होती, पण ती दुसऱ्याला मिळत नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१६ मध्ये एक संदर्भ अँटिबॉडी सर्वांसाठी उपलब्ध करून दिली, आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघणं शक्य झालं. यातून कुणाचा नफा बुडाल्याचं ऐकिवात नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र अपयशाचं आहे. २००९ साली जेन्झाइम कंपनीच्या बॉस्टनमधल्या ऑल्स्टन इथल्या कारखान्यात टाक्यांना विषाणूची लागण झाली. वेसिव्हायरस हा तो विषाणू माणसाला रोग करणारा म्हणून ओळखला जात नाही, पण सीएचओ पेशींची वाढ तो बिघडवतो. कारखाना थांबवून धुवून काढावा लागला. तिथे गोशे आणि फॅब्री या दुर्मीळ आजारांवरची एन्झाइमं बनत. तुटवडा पडला, रुग्णांना डोस कमी करावे लागले, काहींना चुकवावे लागले. ज्याला दर दोन आठवड्यांनी ते इंजेक्शन लागतं, त्याच्यासाठी टाकीतला विषाणू ही अभियांत्रिकीची तांत्रिक अडचण नसते.

यानंतर जे झालं ते प्रत्येक निवड समितीने वाचावं असं मला वाटतं. एमआयटी या विद्यापीठाच्या पुढाकाराने कंपन्यांचा एक गट जमला. एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी आपल्याकडे घडलेल्या लागणींची माहिती गोपनीयतेच्या अटीवर विद्यापीठाच्या हवाली केली. २०२० साली त्यांतून २६ घटनांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, कंपन्यांची नावं न घेता. विषाणू कुठून शिरतो, कच्च्या मालातून की काम करणाऱ्या माणसांकडून, कोणत्या पेशींना कुणाचा धोका जास्त, हे पहिल्यांदाच एका जागी सर्वांना वाचायला मिळालं. कंपनीने दुसऱ्या कंपनीला आपली फसलेली बॅच दाखवली असती का? नियामकाला तरी इतक्या मोकळेपणाने सांगितलं असतं का? ज्याला त्या माहितीतून काहीच विकायचं नाही, अशा तिसऱ्या कुणावर तरी विश्वास टाकावा लागतो. ती जागा विद्यापीठाची आहे. दुसरी कुठलीही संस्था ती भरून काढू शकत नाही.

पण ही जागा टिकवायची तर विद्यापीठांनी आपलं वागणं तपासायला हवं. या क्षेत्रातल्या प्राध्यापकाला उपकरणं महाग, माध्यमं महाग, प्रथिन शुद्ध करायला कॉलममध्ये भरायची क्रोमॅटोग्राफीची रेझिन तर फारच महाग. सार्वजनिक अनुदान मिळालं नाही की तो कंपनीकडे जातो, आणि कंपनीच्या करारात गुप्ततेचं कलम असतंच. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत काही महिने थांबा, हे समजू शकतं. पण पेशी कंपनीची, माध्यमाचं सूत्र कंपनीचं, निष्कर्ष छापायचे तर आकड्यांऐवजी ‘सापेक्ष एकक’, आलेखाच्या उभ्या अक्षावर शून्य ते एक, असे निबंध आज खोऱ्याने निघतात. असा निबंध वाचून दुसऱ्या कुणालाही तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. त्यात राबलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्याच चार वर्षांच्या कामाबद्दल मुलाखतीत मोकळेपणाने बोलता येत नाही. त्या प्राध्यापकाला मी दोष देत नाही. पर्याय नसताना माणूस जे मिळेल त्यावर प्रयोगशाळा चालवतो. दोष आहे तो त्याला पर्याय न देणाऱ्या व्यवस्थेचा.

किमतीबद्दलचा आक्षेपही प्रामाणिकपणे घ्यायला हवा. अँटिबॉडीच्या विक्रीच्या किमतीत प्रत्यक्ष उत्पादनाचा खर्च लहान असतो. तेव्हा उत्पादन कितीही स्वस्त केलं तरी औषध आपोआप स्वस्त होणार नाही. हे खरं आहे. किंमत ठरते ती मक्तेदारीने, आणि त्यावरचा इलाज कायद्यात आहे, टाकीत नाही. पण मक्तेदारी मोडायला दुसरा उत्पादक लागतो, आणि दुसरा उत्पादक उभा राहायला खुलं ज्ञान लागतं. दुसरं म्हणजे नव्या उपचारांमध्ये हे गणित उलटं झालं आहे. कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, बदलून, वाढवून परत द्यायच्या असतात. त्यातला पहिला उपचार अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाला, किंमत ४,७५,००० डॉलर. इथे प्रत्येक रुग्ण ही स्वतंत्र बॅच. हजार रुग्णांसाठी एक मोठी टाकी लावता येत नाही. हजार वेळा तीच कसरत करावी लागते, आणि पेशी तयार होईपर्यंतचे आठवडे सगळ्याच रुग्णांच्या हाती नसतात. जनुकोपचारात जनुक रुग्णाच्या पेशींपर्यंत नेण्यासाठी विषाणूची कवचं बनवतात, पण त्यांतली बरीचशी आतून रिकामी, औषधी जनुक नसलेली निघतात. भरलेली आणि रिकामी वेगळी करणं हे आजचं मोठं कोडं आहे. अशा ठिकाणी उपचार किती जणांपर्यंत पोहोचणार हे खरोखरच अभियंता ठरवतो.

मग या माणसाचं काम मोजायचं कसं? आजची मोजपट्टी त्याच्यावर अन्याय करते, हे सरळ हिशेबाने दिसतं. गोठवलेली पेशींची कुपी वितळवली की टाकीत घालण्याइतक्या पेशी व्हायला दोन-तीन आठवडे जातात. टाकीतली वाढ साधारण दोन आठवडे. मग गाळणं, कॉलम, विषाणू निष्क्रिय करण्याचा टप्पा, मग शर्करांचं विश्लेषण. एकदा जंतू शिरला की सगळं ओतून द्यायचं आणि पुन्हा कुपीपासून सुरुवात. एका आलेखावरच्या एका ठिपक्यामागे महिना-दीड महिना जातो, आणि तो ठिपका विश्वासार्ह ठरायला प्रयोग तीनदा करावा लागतो. अशा प्रयोगशाळेने वर्षाला किती निबंध छापले याची तुलना संगणकावर चालणाऱ्या कामाशी करणं म्हणजे संशोधकाला सांगणं की तू टाकीला हात लावूच नकोस. तरुण प्राध्यापक हा इशारा बरोबर ओळखतात. त्यांतले हुशार लोक रेणू शोधण्याच्या चमकदार विषयांकडे वळतात, आणि टाकीची हवा, फेस आणि गाळण्या समजणारी माणसं विद्यापीठात कमी होत जातात. जी उरतात तीही निवृत्त होतात. त्यांच्याबरोबर शिकवणंही संपतं. एमआयटीतल्या डॅनियल वांग यांच्यासारख्या शिक्षकाच्या हाताखालून गेलेली माणसं या उद्योगात आणि जगभरच्या विद्यापीठांत पसरली. अशा शिक्षकाचं योगदान निबंधांच्या आकड्यात कुठे बसवणार?

अनुदान देणाऱ्या संस्थांना किमान एवढं आजच करता येईल. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रक्रिया-संशोधनात पेशींचा खुला वाण, माध्यमाचं पूर्ण सूत्र आणि खरे आकडे देणं बंधनकारक करावं. त्यासाठी लागणारे खुले वाण आणि पथदर्शी कारखाने अनेक विद्यापीठांना मिळून उभारून द्यावेत, म्हणजे कुणालाही कंपनीच्या पेशींसाठी सही करून तोंड बंद ठेवावं लागणार नाही. कंपनीबरोबरचा करार जरूर व्हावा, पण पीएचडीचा प्रबंध त्यात अडकणार नाही हे विद्यापीठाने करारातच लिहून घ्यावं. आणि फसलेल्या बॅचेसची नोंद, कारणांसकट, हाही शोधनिबंधाइतकाच मोलाचा निष्कर्ष म्हणून पदोन्नतीच्या अर्जात धरला जावा. टाकी का बिघडली हे ज्याने शोधून सर्वांना सांगितलं, त्याने पुढच्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी औषधाचा तुटवडा टाळलेला असतो. त्या रुग्णाचं नाव कुठल्याच निबंधात येत नाही, म्हणून ते काम समितीने स्वतः होऊन बघायला हवं.